लुगडं नेसलेला बडग्या

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या बडग्याला लुगडं नेसवलं होतं, आणि ते मी वेळेआधीच पाहिलं.

नागपूरबाहेर बडग्या फारसा कोणाला ठाऊक नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातून मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, निघते आणि तिच्या मागेपुढे गल्लीगल्लीतले बडगे. बडग्या म्हणजे कामट्या, गवत, कागद आणि जुने कपडे यांचा माणसाहून उंच पुतळा. त्या वर्षी लोकांना जे छळत असेल त्याचं सोंग त्याला द्यायचं. कधी महागाई, कधी रॉकेलचा काळाबाजार. गळ्यात फाटक्या चपलांची माळ घालायची, ‘घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत वाजतगाजत न्यायचं आणि जाळून टाकायचं. आता मी नागपुरातच, नंदनवन वस्तीत मुलाकडे राहते. गुडघ्यांमुळे मिरवणुकीला जाणं होत नाही. पण पोळा आला की महाल भागातली आमची गल्ली आठवते आणि तो जांभळ्या लुगड्याचा मोहरी रंगाचा काठ आठवतो.

आमचा बडग्या महादेवराव बनवायचे. ते दुकानांचे बोर्ड रंगवत आणि श्रावण लागला की अंगणात कामट्या बांधायला बसत. पुतळा शेवटच्या दिवसापर्यंत गोणपाटाखाली झाकलेला असे. त्या वर्षी मी त्यांच्या आईला, सिंधूताईला, पाहायला गेले होते. तिला कावीळ झाली होती. येताना वाऱ्यानं गोणपाट हललं आणि खाली जांभळं लुगडं दिसलं. कमरेवर टोपली. टोपलीत मातीचे गोल गोल वडे, पिवळ्या रंगात रंगवलेले.

आमच्या गल्लीत तसलं लुगडं नेसून वडे विकणारी एकच बाई होती, प्रयागबाई.

प्रयागबाई गल्लीच्या तोंडाशी शेगडी मांडून बसायची. मुगाचे वडे तळायची आणि पळसाच्या द्रोणात वरून कढी ओतून द्यायची. नवरा कधीच गेलेला. एक मुलगी, जया. जयाचं लग्न मार्गशीर्षात उमरेडच्या मुलाशी ठरलं होतं. उमरेडहून माणसं ट्रक भरभरून मारबत पाहायला येत. होणाऱ्या व्याह्यांनी रस्त्यात तो पुतळा पाहिला आणि कोणी बोट दाखवून सांगितलं, की संपलंच. लग्नही आणि शेगडीही.

श्रावण लागल्यापासून गल्लीत कावीळ पसरली होती. ज्या घरात जावं तिथे कोणीतरी कावीळ उतरावी म्हणून देतात ती काविळीची माळ डोक्यात घालून भिंतीला टेकून बसलेलं, डोळे लिंबासारखे. आणि ज्या घरात जावं तिथे एकच बोलणं: प्रयागबाई कढीत गटारकाठचं पाणी टाकते.

मी तेव्हा समाजशास्त्रात एम.ए. करत होते. आमच्या चारुशीलाबाईंनी प्रत्येकीला आपापल्या वस्तीत हिंडून काहीतरी शोधून आणायला सांगितलं होतं. मी आमच्या गल्लीतली कावीळ घेतली होती. आजारी माणसं असलेल्या सगळ्या घरांत जाऊन आले आणि बाईंना रामदासपेठेतल्या त्यांच्या घरी माझं लिखाण दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, ‘वड्यांच्या कढीतून ही साथ पसरली.’

बाईंनी चष्मा काढला. “हे कोणी पाहिलं?”

“सगळे सांगतात, बाई.”

“सगळे सांगतात हे तू ऐकलंस. कढीत ते पाणी टाकताना कोणी पाहिलं?”

“पाहिलं असं कोणी... पण प्रत्येक आजारी घरात तिचे वडे खाल्लेत.”

“आणि जिथे कोणी आजारी नाही, त्या घरात?”

त्या घरात मी गेलेच नव्हते. जाणार तरी कशी? आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला जायची रीत. चार बाया जमतात, चहा होतो, आणि आजार कुठून आला याची चर्चा होते. धडधाकट माणसाच्या घरी जाऊन ‘तुम्हाला कावीळ कशी नाही झाली’ असं कोणी विचारत नाही. गल्लीनं जे काही ठरवलं होतं ते आजाऱ्यांच्या खाटेभोवती बसून ठरवलं होतं. आणि मीही तिथेच बसले होते.

मग मी लुगड्याचं सांगितलं. म्हटलं, “बाई, मला तर खात्री आहे, हे महादेवरावांचंच काम. त्यांच्या मेहुण्याला प्रयागबाईच्या त्या कोपऱ्यावर पानठेला टाकायचा आहे.”

“हे पाहिलंस, ऐकलंस, की तुला वाटतं?”

माझा चेहरा उतरला असावा, कारण त्या हसल्या. “तीन प्रश्न आहेत फक्त. लोकांना विचार. आणि आधी स्वतःला विचारत जा.”

दुसऱ्या दिवशी मी धडधाकट घरांकडे निघाले. पहिलं दार वच्छलाकाकूंचं. त्या निवडत असलेली भाजी बाजूला सारून उठल्या, पण दारातून हलल्या नाहीत.

“काहून वं उत्तरा? आमच्या इथं कोणी आजारी नाई.”

“म्हणूनच आली, काकू.”

“म्हंजे? झाली नाई तं आता करून जाशीन का?”

“तसं नाई. प्रयागमावशीचे वडे तुमी या महिन्यात खाल्ले का, एवढंच सांगा.”

“छ्या! आमी नाई खात बाप्पा तिच्या हातचं. थे कढीत गटाराकडचं पाणी टाकते.”

“तुमी पाह्यलं?”

“मी कायले पाहू?”

“मंग आयकलं?”

“अवं, सारं जग म्हणून राह्यलं. तू काय पोलिसात भरती झाली का?”

हे बोलताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या केरसुणीकडे गेली, म्हणून माझीही गेली. केराच्या ढिगात पळसाचा द्रोण होता, आतून पिवळा. कढी वाळून चिकटलेली. मला दिसलं हे त्यांना दिसलं. त्यांनी पायानं केर दाराआड सारला. “थे पोट्ट्यायनं आणलं असंल कुठून तरी,” म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.

असंच पुढे. कोणी म्हणे नजर लावायला आली, कोणी म्हणे प्रयागबाईनं पाठवली. ज्यांनी खाल्ले ते नाही म्हणत होते आणि ज्यांनी काही पाहिलं नव्हतं ते पाहिलं म्हणत होते. तरी चार घरांत म्हाताऱ्यांनी सरळ सांगितलं, की हो, आठवड्याला खातो, आम्हाला काहीही झालं नाही. गल्लीतल्या टारगटांनी माझं नाव ‘पाह्यलं-आयकलं बाई’ ठेवलं. मी दिसले की एक ओरडे, “ए, कावळा काळा असते गा!” आणि दुसरा विचारी, “पाह्यलं, का आयकलं?”

संध्याकाळी प्रयागबाईकडे गेले. तिची शेगडी थंड होती. त्या आठवड्यात गिऱ्हाईक फिरकलंच नव्हतं. तिनं दार अर्धंच उघडलं.

“मावशी, आत येऊ?”

“इथंच बोल ना, पोरी. आत पसारा आहे.”

“जया कुठं आहे?”

“मावशीकडे गेली. उमरेडले.”

ती हे माझ्याकडे न बघता म्हणाली. तिच्या खांद्यावरून मला चूल दिसत होती आणि चुलीजवळ दोन ताटं. त्यांतल्या एका ताटात पांढरं वरण होतं. आमच्याकडे काविळीच्या माणसाला हळद देत नाहीत. ज्या घरचं वरण पांढरं, त्या घरात कावीळ, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

वडे तळणाऱ्या घरातच कावीळ, आणि ही बाई लपवते आहे. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते? तिच्यासाठी सकाळपासून बोलणी खाल्ली ती मीच वेडी?

“मावशी, बिनहळदीचं वरण कोण खाऊन राह्यलं?”

ती दारातून बाजूला झाली. आतल्या खोलीत जया भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली तशी वळली. डोळे पिवळे होते, पण पिवळेपणा उतरत आलेला.

“कधी झाली?”

“महादेवरावाची माय पडली ना, त्याच्या मागून,” प्रयागबाई म्हणाली. “थेच पयली. मंग आमची. सांगतलं असतं तं लोकायनं मले इथंच जाळली असती. आन उमरेडवाले? तूच सांग, सांगू कोणाले?” मग तिनं माझा हात धरला. “तू कालेजात शोधाचंच शिकून राह्यली ना? मंग शोध. माया डोक्यात बडग्या नाचून राह्यला. त्या गोणपाटाखाली कोण उभं आहे, मले समजत नाई का?”

मी हात सोडवून घेतला. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझा तिच्यावर विश्वास नव्हता. ‘मागून’ म्हणते, पण तिच्याशिवाय ते कोण सांगणार?

चारुशीलाबाईंनी हे शांतपणे ऐकलं. “जया आजारी आहे, हे तू पाहिलंस. ती म्हातारीच्या नंतर आजारी पडली, हे ऐकलंस. आईनं लपवलं म्हणजे तिचाच दोष, हे?”

“वाटतं,” मी म्हटलं. “पण बाई, लोकांना जयाचं कळलं तर ते थांबणार नाहीत. मी जयाचं सांगूच नको का?”

“आपल्याला नको असलेलं लपवायचं आणि हवं ते सांगायचं, तर मग तू आणि गल्ली यांत फरक काय?” त्या उठल्या आणि खिडकीशी गेल्या. “मी तुला सोपं काही सांगू शकत नाही. मला काही त्या गल्लीत राहायचं नाही. तुला आहे.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी महादेवरावांच्या अंगणात गेले. गोणपाट काढलेलं होतं. चारपाच माणसं सुतळ्या आवळत होती आणि महादेवराव शिडीवर चढून पुतळ्याचं तोंड रंगवत होते.

“या, पाह्यलं-आयकलं बाई,” ते म्हणाले. “आज आमचा नंबर का?”

माणसं हसली.

“काका, बडग्याले लुगडं काहून नेसवलं?”

“बाईचा आहे म्हणून.”

“कोणत्या बाईचा?”

“कावीळबाईचा!” खालून कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला.

“कावीळबाई वडे विकते का?”

हशा थांबला. महादेवराव शिडीवरून उतरले. “हे पाय उत्तरा, मधुकररावाची पोरगी आहे तू, म्हणून आयकून घेतो. माई माय मरता मरता वाचली. मी गमतीनं नाई करून राह्यलो. तू एवढी शोधून राह्यली तं एक सांग. तिची जया कुठं आहे?”

सगळे माझ्याकडे बघत होते. ‘उमरेडला गेली’ म्हणणं फार सोपं होतं.

“घरीच आहे,” मी म्हटलं. “तिले कावीळ झाली. मी तिचे डोळे पाह्यले.”

“घ्या!” महादेवरावांनी मांडीवर थाप मारली. “पोरगी पिवळी, आन माय वडे तळून राह्यली. आता काय राह्यलं बोलाचं?”

“जया कधी पडली थे विचारा ना.”

“कधी?”

“मावशी म्हणते, सिंधूआजीच्या मागून. पण थे मी आयकलं. पाह्यलं नाई.”

“मंग कायले सांगून राह्यली?”

“काका, गल्लीत पयली कावीळ कोणाले झाली?”

“मायले. साऱ्यायले माहीत आहे.”

“मंग आजीनं वडे खाल्ले होते?”

“खाल्ले असतीन. सारेच खातेत.”

“तुमी पाह्यलं, का तुमाले वाटते?”

ते उत्तर देणार तेवढ्यात आतून आवाज आला. “कोण म्हणते वं मी वडे खाल्ले?”

सिंधूताई भिंत धरत धरत दारात आली. डोक्यात काविळीची माळ, अंग वाळून गेलेलं. आषाढी एकादशीच्या आधी तिचे उरलेसुरले दात काढले होते, त्यामुळे तोंडाचं बोळकं झालेलं. पण आवाज तसाच खणखणीत.

“चातुर्मास आहे माया! तुया बाप गेल्यापासून एक चातुर्मास मोडला नाई मी, आन तू चार लोकायसमोर मले वडे चारून राह्यला?”

“माय, तसं नाई...”

“कसं मंग? एकादशीपासून बाहेरचा दाणा तोंडात नाई. घरचं अन्न आन घरचं पाणी. अजून काही?”

सुतळी आवळणारा एक जण हळूच पुटपुटला, “म्हातारं माणूस, घेतला असंल एखादा...”

महादेवराव गर्रकन वळले. “माया मायनं चातुर्मास मोडला म्हणतं का बे? पुन्हा बोल!”

त्यानं मान खाली घालून सुतळी आवळली. आणि महादेवरावांच्याही लक्षात आलं की आता त्यांनाही काही बोलता येत नाही. आई खरी, तर कावीळ वड्यांनी आलेली नाही. कावीळ वड्यांनी आली, तर आई खोटी. त्यांनी एकदा पुतळ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

“मंग तुले झाली कशी?” त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

“मले काय माहीत? मी का डाक्टर आहो? घरचंच पाणी पेते म्हणून तं सांगतलं.”

“घरचं पाणी,” महादेवराव म्हणाले. अंगणाच्या कोपऱ्यात नळ होता, थेंब थेंब गळणारा. नळाचा पाइप भिंतीखालून गल्लीत जात होता आणि तिथून नालीच्या कडेकडेनं पुढे, सगळ्यांच्या घरी. त्यांच्यामागोमाग बाकीचेही नळाकडे बघू लागले. आता त्या नळावर सगळ्यांचा संशय होता. नळानंच झालं असं मी म्हटलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं?

पोळ्याच्या सकाळी माणसांनी सब्बल घेऊन नालीकाठचा दगड उचकटला. पाइपाचा एक जोड पार नालीच्या पाण्यात बसलेला निघाला. त्याला कोणीतरी कधीकाळी चिंध्या गुंडाळल्या होत्या, त्या कुजून काळ्या पडल्या होत्या. नळ बंद झाला की आत काय ओढलं जात असेल, ते दिसतच होतं. तो जोड पुढे बदलला आणि कावीळही ओसरली. पण पाऊसही ओसरला होता, आणि लोक पाणी उकळून पिऊ लागले होते. त्या जोडानंच कावीळ आली असं मी तेव्हा लिहिलं नाही, आजही लिहून देणार नाही. जोड नालीत बुडलेला होता, एवढं मी पाहिलं.

मारबतीच्या दिवशी आमचा बडग्या निघाला तेव्हा मी प्रयागबाईच्या दारात उभी होते. टोपली गेली होती. तिच्या जागी पत्र्याचा भला मोठा नळ, त्यातून पिवळ्या कागदाची धार. लुगडं मात्र तेच. महादेवराव जाता जाता मला म्हणाले, “सोडलं असतं तं आतलं गवत सुटलं असतं.” हे खरं कारण होतं की नाही, कोण जाणे. रस्त्यावर काही जण नळाकडे बोट दाखवत होते, काही जण लुगड्याकडे. प्रयागबाईच्या दाराशी आल्यावर ढोल जरा जास्तच वेळ थांबला असं मला वाटलं.

प्रयागबाईनं डोळे बारीक केले. “मायं लुगडं आहे थे. चैत्रात भांडेवालीले दिलं होतं, डब्याच्या बदल्यात.”

“मावशी...”

“जळू दे,” ती म्हणाली, आणि पुढे होऊन सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडली, “कावीळ घेऊन जा गे मारबत!”

मग पोरांनी आवाज उचलला.

उमरेडची माणसं त्या दिवशी आली होती की नाही, ते कळलं नाही. लग्न मोडलं नाही एवढं खरं. पण शेगडीचा धंदा काही सावरला नाही. प्रयागबाई रोज राख काढी, डाळ वाटी, कढई ठेवी. गिऱ्हाईक नमस्कार करून पुढे जाई. “जोड बदलला ना, मावशी?” “बदलला.” “बरं झालं.” आणि चालते. दसरा गेला, दिवाळी गेली. तिथे उभं राहून खाणारी मी एकटीच, आणि मलाही खाताना उगाच कढीकडे बघायची सवय लागली होती.

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्ली भरलेली असताना, सिंधूताई काठी टेकत कोपऱ्यावर आली. महादेवराव मागून “माय, घरी आणून देतो ना!” म्हणत होते. तिनं लक्ष दिलं नाही. शेगडीसमोरच्या दगडावर बसली. वच्छलाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पान खाणारे थांबले.

“दे वं प्रयागे,” सिंधूताई म्हणाली.

मी शेजारीच द्रोण घेऊन उभी होते. प्रयागबाईनं काही विचारलं नाही. दोन वडे घेतले, वरचा कडक पापुद्रा नखानं सोलून काढला, आतला गाभा कुस्करून कढीत भिजवला आणि वर चटणी न घालता द्रोण पुढे केला. सिंधूताईनंही ‘असं कर’ किंवा ‘तसं नको’ म्हटलं नाही. द्रोण घेतला आणि बोळक्या तोंडानं सावकाश खाऊ लागली. हे सारं इतकं सरावाचं दिसत होतं, की माझा घास हातातच राहिला. दात काढले आषाढात. एकादशीपासून तर चातुर्मास. मग हा सराव कधीचा?

अर्थात बोळकं तोंड गल्लीत कोणाला दिसत नव्हतं? म्हातारीला कसं द्यावं, हे वडे विकणाऱ्या बाईला कळू नये की काय?

सिंधूताईनं द्रोण चाटून पुसून खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “चांगली आहे कढी.” पान खाणाऱ्यांपैकी एक जण पुढे आला. त्याच्यामागून आणखी एक. वच्छलाकाकू आतून भांडं घेऊन आल्या. कढईत वडे पडू लागले आणि प्रयागबाईला मान वर करायला सवड उरली नाही.

सिंधूताईनं माझ्याकडे पाहिलं.

“काय पाहून राह्यली वं?”

“काही नाई, आजी.”

“मंग खा,” ती म्हणाली.